सॉफ्टवेअरची सावड: मुळशीतली ग्रंथालयं एकत्र बसतात तेव्हा

आजचा विषय आहे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. हे ऐकून अर्ध्या लोकांचा अंगठा पुढच्या भागाकडे सरकला असेल, मला माहितीये. पण पाच मिनिटं थांबा. कारण हा विषय वरून दिसतो सॉफ्टवेअरचा, आतून आहे मालकीचा. गावानं पन्नास-साठ वर्षं जमवलेल्या पुस्तकांची यादी नक्की कोणाची, हा आजचा प्रश्न.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मुळशी तालुक्यातला. बीटेक झालं, आता हिंजवडीत नोकरी. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे बाहेरच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकाच तालुक्यात एका टोकाला परदेशी बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारे आम्ही, आणि दुसऱ्या टोकाला, पौडच्या पुढे घाटाकडे गेलात की, पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसलेली गावं. या दोन टोकांच्या मध्ये छोटी-छोटी वाचनालयं आहेत. कुठे ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर, कुठे देवळाशेजारच्या खोलीत.

त्यातल्या पाच वाचनालयांची माणसं गेले काही महिने एकत्र बसतायत. प्रश्न एकच आहे: आपण सगळ्यांनी मिळून एकच सॉफ्टवेअर घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं? मी "कंप्युटरवाला" म्हणून मला बोलावलं. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ ग्रंथपाल काकांनी विचारलं, "सगळ्यात चांगलं कुठलं, तेवढं सांग. आम्ही तेच घेतो." या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, ते आज सांगतो.

आपली वाचनालयं चालतात कशी

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. आपल्याकडची पद्धत थोडी वेगळी आहे. गावोगावची बहुतेक वाचनालयं सरकारनं काढलेली नाहीत, ती लोकांनी काढलेली आहेत. सरकार त्यांना मान्यता देतं आणि अनुदान देतं. अशी शासनमान्य ग्रंथालयं राज्यात अकरा-बारा हजार आहेत. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती येतात, यांवरून त्यांचे वर्ग ठरतात: अ, ब, क आणि ड.

'ड' वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षं वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे. महिन्याला नाही हं, वर्षाला. २०२२ च्या शेवटी सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. ती वाढ धरली तरी तेव्हा महिन्याचा हिशोब चार हजारांच्या आसपास आला. त्यात ग्रंथपालाचं मानधन, नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं. आता अशा वाचनालयाला कोणी सांगितलं की सॉफ्टवेअर घ्या, दरवर्षी देखभालीचे पैसे भरा, तर ते कुठून भरणार?

म्हणून एकत्र येण्याचा विचार. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे सावड असते. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. एकट्याला दहा दिवस लागतील ते काम दोन दिवसांत उरकतं, आणि मजुरीचा रोख पैसा लागत नाही. ग्रंथालयांनी मिळून सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणजे हीच सावड. पण सावडीचा एक नियम असतो: कोणाचं किती देणं-घेणं ते आधी बोललेलं असतं. न बोलता सावड केली की भांडणं होतात.

बंद पडलेला कंप्युटर

या पाचांपैकी एका वाचनालयात पूर्वीच एक सॉफ्टवेअर घेतलेलं होतं. वाचनालयाचं नाव सांगत नाही, सॉफ्टवेअरचंही नाही. दोन वर्षं बसून ग्रंथपाल ताईंनी हजारो पुस्तकांच्या नोंदी त्यात टाकल्या. एका हातानं दाखल नोंदवही धरायची, दुसऱ्या हातानं टाइप करायचं. मग विक्रेत्याचा फोन लागेनासा झाला. मग विंडोज बदलली. आता तो जुना कंप्युटर कोपऱ्यात आहे. चालू होतो, सॉफ्टवेअरही उघडतं. पण नोंदी बाहेर काढायचं बटणच त्यात नाही.

मी आत शिरून डेटाबेसची फाइल शोधली. मिळाली. उघडली, तर मराठी शीर्षकांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कारण सोपं आहे. युनिकोड रुळायच्या आधी आपण मराठी लिहायचो ती फाँटच्या जोरावर. कंप्युटरच्या दृष्टीनं तिथे इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त फाँट त्यांना मराठी मुखवटा घालायचा. फाँट काढला की मुखवटा गळून पडतो. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा! एकात जे चिन्ह 'क' दाखवतं, ते दुसऱ्यात 'ळ' दाखवेल. या फाइलमधला फाँट ओळखून त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येईल, काम चालू आहे. पण मधल्या काळात ताई परत नोंदवहीवर आल्यात, आणि "परत टाइप करायला बसा" असं त्यांना सांगायला कोणाचीच जीभ उचलत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे: सॉफ्टवेअर घेताना आत जायचा रस्ता सगळेच दाखवतात. तुम्ही बाहेर पडायचा रस्ता आधी बघा.

ग्रंथालयांच्या जगात हा रस्ता फार पूर्वीपासून आहे. मार्क नावाची एक नोंदपद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तयार झाली. त्यात पुस्तकाच्या प्रत्येक माहितीला ठरलेला क्रमांक असतो. लेखक १०० नंबरच्या कप्प्यात, शीर्षक २४५ नंबरच्या. सगळ्या जगानं हेच कप्पे मानले, की एका सॉफ्टवेअरमधली नोंद दुसऱ्यात जाते. तुमचं सॉफ्टवेअर मार्कमध्ये नोंदी काढून देत असेल, आणि मराठी युनिकोडमध्ये असेल, तर उद्या कंपनी बंद पडली तरी तुमची दोन वर्षांची मेहनत तुमच्याकडेच राहते.

लेव्हिन नावाचं छोटं गाव

आता एक गोष्ट न्यूझीलंडची. तिथे लेव्हिन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टकडे काही शाखा आणि एक जुनं सॉफ्टवेअर होतं. १९९९ साल उजाडलं. तेव्हाची वायटूकेची भीती आठवते का? आठवत नसणार, आपण तेव्हा शाळेतही जात नव्हतो किंवा जेमतेम जात होतो. सन २००० लागलं की जुने कंप्युटर तारखेत गोंधळतील, ही ती भीती. त्यांचं सॉफ्टवेअर २००० सालाला तयार नव्हतं. बाजारातली नवी सॉफ्टवेअरं महाग. शिवाय त्यांच्या शाखा साध्या फोनलाइनवर चालायच्या, मोठी जोडणी परवडणारी नव्हती.

मग त्यांनी कॅटिपो कम्युनिकेशन्स नावाच्या एका छोट्या कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर लिहून घेतलं. ब्राउझरमध्ये चालणारं, हलकं. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. आणि मग त्यांनी ते मुक्त करून टाकलं: कोणीही घ्या, वापरा, बदला, फक्त बदल केलेलं पुढे वाटाल तर तेही मुक्तच ठेवा. नाव ठेवलं 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि त्या भेटीत परतफेडीची भावनाही असते. म्हणजे आपल्या सावडीसारखंच काहीतरी. आज जगभरची हजारो ग्रंथालयं कोहा वापरतात, भारतातली कित्येक कॉलेजं आणि विद्यापीठंही.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे एका परदेशी कंपनीनं न्यूझीलंडमध्येच 'कोहा' या नावावर ट्रेडमार्कचा दावा केला. २०११ साली त्या छोट्या ट्रस्टला जगभरच्या लोकांकडे कायदेशीर खर्चासाठी मदत मागावी लागली. शेवटी तो दावा टिकला नाही. पण बघा, फुकट वाटलेली गोष्टसुद्धा राखावी लागते. राखायला माणसं लागतात, आणि ती एकत्र असावी लागतात.

जॉर्जियानं आधी माणसांना विचारलं

दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 'पाइन्स' नावाचा सार्वजनिक ग्रंथालयांचा गट आहे. बरीचशी ग्रामीण, छोटी ग्रंथालयं. एकच कार्ड, गटातल्या कुठल्याही ग्रंथालयात चालतं. एका गावातून नेलेलं पुस्तक दुसऱ्या गावात परत करता येतं. २००४ च्या सुमारास त्यांचं जुनं सॉफ्टवेअर या पसाऱ्याला पुरेना. बाजारात बघितलं, तर एवढा मोठा एकत्र कारभार पेलणारं मनासारखं काही मिळेना. मग त्यांनी स्वतःच 'एव्हरग्रीन' नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. सप्टेंबर २००६ मध्ये, एका जोडसुट्टीत, अडीचशेच्या आसपास ग्रंथालयं एकदम त्यावर गेली. तेही मुक्तच आहे.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, लिहायला घेण्याआधी ते काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलले. वरच्या साहेबांना काय हवंय एवढ्यावर थांबले नाहीत; दिवसभर पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाला काय त्रास होतो, ते विचारलं. दोन, सॉफ्टवेअरच्याही आधी त्यांचे नियम एक झालेले होते. पुस्तक किती दिवस ठेवायचं, दंड किती, हे सगळीकडे सारखं. आणि नियम ठरवायला ग्रंथालयांच्याच लोकांची समिती.

आमच्या बैठकीत हेच अवघड जातंय. एका वाचनालयाची अनामत शंभर रुपये, दुसऱ्याची दोनशे. एकाकडे पुस्तक सात दिवस, दुसऱ्याकडे पंधरा. पिरंगुटच्या सभासदानं पौडमधलं पुस्तक नेलं आणि हरवलं, तर पैसे कोणी भरायचे? पुस्तक नेणार-आणणार कोण? पीएमपीनं रोज ये-जा करणारा एखादा पोरगा? या प्रश्नांची उत्तरं कोणतंही सॉफ्टवेअर देत नाही. ते फक्त तुम्ही ठरवलेलं पाळतं. तुम्ही काहीच ठरवलं नसेल, तर तुमचा गोंधळ जास्त वेगानं करून देतं.

आणि असं एकत्र येणं आपल्याकडे नवं नाही. दिल्लीत १९८८ साली ग्रंथालयांचं एक जाळं सुरू झालं, ते डेलनेट आजही चालू आहे. नव्वदच्या दशकात पुण्यातही विद्यापीठ, एनसीएल आणि सी-डॅक यांनी मिळून 'पुणेनेट' उभं केलं होतं. ती सगळी मोठ्या संस्थांची जाळी होती. आता फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, तर तेच काम गावच्या वाचनालयांना का करता येऊ नये?

समोर काय काय आहे

पर्याय बरेच आहेत. एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, त्यांचं 'ई-ग्रंथालय' आहे. सरकारी यंत्रणेचं, ब्राउझरमध्ये चालणारं, आणि अनेक ग्रंथालयांचा गट करून एकत्र यादी ठेवायची सोय असलेलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'सोल' आहे, पण ते मुख्यतः विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी. पुण्यातच तयार झालेलं 'स्लिम' आहे, ते विकत मिळतं. आणि कोहा, एव्हरग्रीन ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत.

मुक्त म्हटलं की लोक फुकट ऐकतात. कोहाला लायसन्सचे पैसे नाहीत, खरं आहे. पण ते लिनक्सवर चालतं, सर्व्हर लागतो, रोजचा बॅकअप लागतो, आणि सोमवारी सकाळी काही अडलं तर फोन उचलणारा माणूस लागतो. एका 'ड' वर्गाच्या वाचनालयाला हे झेपणार नाही. पण कोहाच्या एकाच सर्व्हरवर अनेक वाचनालयं शाखा म्हणून बसू शकतात. पाच जणांनी एक सर्व्हर आणि एक माणूस वाटून घेतला, की गणित बदलतं. इथेच सावडीचा खरा फायदा आहे.

आणि हो, "मी करीन की सगळं, फुकट" असं मी त्यांना सांगितलेलं नाही. उद्या माझी बदली बंगळुरूला झाली तर? एका उत्साही पोराच्या जिवावर पाच गावांची यादी ठेवणं म्हणजे तोच बंद पडलेला कंप्युटर पुन्हा आणणं. प्रत्येक वाचनालयातलं निदान एक माणूस शिकलेलं पाहिजे, आणि सगळे पासवर्ड गटाच्या नावावर पाहिजेत, माझ्या नाही.

पन्नास अवघड पुस्तकं

मग निवडायचं कसं? डेमो बघून? डेमोमध्ये सगळंच छान दिसतं. विक्रेता स्वतःची दहा स्वच्छ पुस्तकं घेऊन येतो, इंग्रजी नावं, मागे बारकोड. टुक् करून वाजतं, सगळे खूश.

आम्ही दुसरं ठरवलंय. आमच्याच कपाटांतली पन्नास सगळ्यात अवघड पुस्तकं काढायची, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला तीच द्यायची. पहिलं पान फाटलेलं. आयएसबीएन नसलेलं, म्हणजे जुनी मराठी पुस्तकं जवळजवळ सगळीच. चार खंडांचं, त्यातला तिसरा गहाळ. दिवाळी अंक, ज्याला पुस्तक म्हणायचं की मासिक, हाच वाद.

दोन उदाहरणं देतो. मुळशीच्या पोराला स्वतःच्या तालुक्याचा इतिहास वाचायचा आहे. १९२१ साली धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते. त्यावर वि. म. भुस्कुटे यांचं 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक आहे. आता लेखकाचं नाव एक जण लिहील 'वि. म. भुस्कुटे', दुसरा 'भुस्कुटे, वि. म.', तिसरा 'विम भुस्कुटे' टिंबांशिवाय. एका वाचनालयात हे खपून जातं, कारण ग्रंथपालाला कपाट तोंडपाठ असतं. पाच वाचनालयांची यादी एक केली, की तेच तीन वेगळे लेखक होतात. त्यामुळे नाव कसं लिहायचं, हे आधी ठरवायला लागतं.

दुसरं उदाहरण महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड'. यातलं 'ऱ्या' बघा. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला वेगळा र वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही अगदी सारखे. कंप्युटरला मात्र ते वेगवेगळे शब्द वाटतात. म्हणजे तुम्ही तुमच्या फोनवर एका पद्धतीनं शोधणार, नोंद दुसऱ्या पद्धतीनं असणार, आणि सॉफ्टवेअर सांगणार "पुस्तक उपलब्ध नाही". पुस्तक समोरच्या कपाटात! त्यात 'असूड' की 'आसूड' हा आणखी एक घोळ. आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं असली, तर 'कांहीं', 'नाहीं' वरचे अनुस्वार आहेतच.

परदेशी ग्रंथपालाला नोंद बहुतेक वेळा आयती मिळते. आयएसबीएन टाकला की दुसऱ्या कोणीतरी केलेली नोंद उतरवून घेता येते. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांना ती सोय नाही. कोणीतरी एकदा हातानं करायला लागते. पण एकदाच! पाच वाचनालयांत तेच 'ययाति', तेच 'मृत्युंजय' असतं. एकानं नीट नोंद केली की बाकीच्या चौघांनी फक्त आपली प्रत जोडायची. बंद कंप्युटरपाशी बसणाऱ्या ताईंची मेहनत पाच गावांना पुरते. माझ्या मते सॉफ्टवेअर एक असण्यापेक्षा नोंद एक असणं जास्त मोलाचं आहे.

पाऊस, आणि पोरींची यादी

दोन गोष्टी अशा आहेत ज्या माहितीपत्रकात सापडत नाहीत.

पहिली, पाऊस. ताम्हिणीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. नेट गेलं की देवघेव थांबली, असं सॉफ्टवेअर इथे चालणार नाही. कोहामध्ये ऑफलाइन देवघेवीची सोय आहे, नेट आलं की नोंदी वर चढतात. बाकीच्यांनाही आम्ही हेच विचारणार. आणि लाईटच गेली तर? तर वही. वही काढून टाकायची नाही, असं बैठकीत सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय. आतापर्यंत एकमत झालेली ती एकच गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आज गावातली एखादी मुलगी वाचनालयातून काय नेते, ते ग्रंथपालाला माहीत असतं आणि वहीत कुठेतरी खाली असतं. उद्या ते सगळं शोधता येणाऱ्या यादीत येईल. तिनं शरीराविषयी काय वाचलं, धर्माविषयी काय वाचलं, घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं का. गाव छोटं असतं. पाच वाचनालयांची यादी एक झाली, की पाच गावांतल्या काउंटरवरून ती दिसू शकते. म्हणून पुस्तक परत आलं की नावाशी असलेली जोड पुसता येते का, हा प्रश्न आमच्या यादीत वरच्या तीनांत आहे. कोहात तशी सोय आहे. आणि सभासदाचा आधार नंबर घ्यायचाच नाही. कशाला हवाय? कादंबरी द्यायला? २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालाय. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

मग ठरलं काय?

अजून ठरलं नाही. काकांना "सगळ्यात चांगलं" नाव हवं होतं, ते मी अजून दिलेलं नाही. त्याऐवजी आम्ही एक पानाचा करार लिहायला घेतलाय. त्यात पाच मुद्दे आहेत.

एक: नोंदी प्रत्येक वाचनालयाच्या मालकीच्या. गटातून कोणी बाहेर पडलं, तर आपल्या नोंदी सोबत घेऊन जाईल.

दोन: सॉफ्टवेअर घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या नोंदी बाहेर काढून, दुसऱ्या कंप्युटरवर उघडून बघायच्या. उघडल्या नाहीत तर सॉफ्टवेअर परत.

तीन: प्रत्येक वाचनालयाला एक मत. पुस्तकं पंधरा हजार असोत की पंधराशे.

चार: खर्च मात्र पुस्तकांच्या संख्येच्या प्रमाणात. यावर भांडण चालू आहे, खोटं कशाला सांगू.

पाच: काउंटरवर बसणाऱ्या माणसाला जे आठवड्याभरात शिकता येत नाही, ते घ्यायचं नाही.

शेवटच्या मुद्द्यावर त्या ताई पहिल्यांदा बैठकीत बोलल्या. म्हणाल्या, "मला टाइप करायचा कंटाळा नाही. परत शून्यापासून करायला लागू नये, एवढं बघा." मला वाटतं, निवडीची कसोटी त्यांनी सांगून टाकली. गुणांचे तक्ते आम्ही भरू, डेमो बघू, दर मागवू. पण जे सॉफ्टवेअर या एका वाक्याला लेखी हो म्हणणार नाही, ते कितीही देखणं असलं तरी नको.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात, वॉर्डात वाचनालय असेलच. या रविवारी जा. ग्रंथपालांना विचारा, "यादी वहीत आहे की कंप्युटरमध्ये?" कंप्युटरमध्ये असेल तर पुढचा प्रश्न: "ती पेन ड्राइव्हवर काढता येते का?" येत असेल, तर त्यांच्यासमोर बसून एक प्रत काढा, आणि ती उघडून मराठी नीट दिसतंय का बघा. येत नसेल, तर तुमच्यातला जो कोणी कोड लिहितो त्याला घेऊन पुन्हा जा. आपण रोज कोणाकोणाचा डेटा सांभाळतो, त्याचा पगार घेतो. आपल्या गावच्या पुस्तकांची यादी सांभाळायला एक रविवार द्यायला हरकत नाही.

आणि सॉफ्टवेअर ठरलं की सांगतोच. आधी त्या चौथ्या मुद्द्याचं भांडण मिटू दे.

भेटू पुढच्या भागात. वाचत राहा.